प्रोपिलीन ग्लायकॉलचा ड्रम कोणी तपासायचा : पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील, मुख्यत्वे परासिया परिसरातील, लहान मुले नागपूरच्या शासकीय व खासगी रुग्णालयांत एकामागून एक दाखल होऊ लागली. उलट्या आणि लघवी बंद होणे या लक्षणांवरून आधी मेंदूज्वराचा, नंतर दूषित पाण्याचा संशय घेतला गेला. मोठ्या उपचारांसाठी त्या भागातील माणूस सौंसर-सावनेर मार्गे नागपूरच गाठतो, त्यामुळे वेगवेगळ्या गावांतील, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलेली मुले येथे एकाच डायलिसिस विभागात शेजारी-शेजारी आली आणि त्यांच्या आजारातील सारखेपणा दिसू लागला. पाण्याचे व कीटकांचे नमुने घेतले गेले. मूत्रपिंडाच्या बायॉप्सीत मात्र सूक्ष्मनलिकांच्या पेशींची जी हानी आढळली, ती संसर्गापेक्षा विषबाधेकडे बोट दाखवणारी होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूतील शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यानुसार तेथे तयार झालेल्या एका कफ सिरपच्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक द्रावक होते. मृत मुलांची संख्या पुढे वीसच्या वर गेली.

हा आकडा चमच्यात मोजला पाहिजे. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात सुमारे २.४ ग्रॅम विष गेले, आणि दिवसाला तीन चमचे धरले तर सात ग्रॅमहून अधिक. औषधी द्रावकात या अशुद्धीची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. त्या मर्यादेत बसणारे सिरप असते, तर चमच्यात ती फार तर पाच मिलिग्रॅम निघाली असती.

डायएथिलीन ग्लायकॉलच्या जागी सिरपमध्ये जे असायला हवे होते, ते प्रोपिलीन ग्लायकॉल तसे निरुपद्रवी मानले जाते. पॅरासिटामॉलसारखी पाण्यात कमी विरघळणारी औषधे सिरपमध्ये टिकवून धरण्यासाठी ते वापरतात. शरीरात त्याचे रूपांतर लॅक्टिक आम्लात होते. नवजात बालकांत हे रूपांतर संथ असल्याने युरोपातील मार्गदर्शक सूचनांनी त्यांच्यासाठी रोजची मर्यादा प्रति किलो वजनाला १ मिलिग्रॅम, तर एक महिना ते चार वर्षे वयासाठी ५० मिलिग्रॅम ठेवली आहे. डायएथिलीन ग्लायकॉलपासून यकृतात डायग्लायकोलिक आम्ल तयार होते आणि तेच मूत्रपिंडाच्या नलिका मारते. दोन्ही द्रव रंगहीन, वासहीन, दाट आणि गोडसर असल्यामुळे बाटलीत ठेवून पाहणाऱ्याला काहीही कळत नाही. घनतेत मात्र फरक आहे: प्रोपिलीन ग्लायकॉलची सुमारे १.०४, डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२. म्हणजे ड्रममध्ये प्रोपिलीन ग्लायकॉलच्या जागी निव्वळ डायएथिलीन ग्लायकॉल भरलेले असेल, तर महागड्या यंत्राशिवायही शंका येऊ शकते.

या विषाचा इतिहास १९३७ च्या अमेरिकेपासून सांगण्याची रीत आहे. तेथे सल्फा औषधाच्या एका द्रवरूपात तेच द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या शासकीय रुग्णालयात औषधी दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे, डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन पोहोचले, १४ रुग्ण गेले, न्यायालयीन चौकशी झाली आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. १९९८ मध्ये गुरुग्राम परिसरात ३३ मुले, तर २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूकडील रामनगर येथे किमान १२ मुले कफ सिरपमुळे मरण पावली. रामनगरच्या नमुन्यांत हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या वर होते. दरवेळी कच्चा माल संशयास्पद, कागद मात्र व्यवस्थित, असेच चित्र समोर आले.

देशात विकल्या जाणाऱ्या सिरपची तपासणी कोणी करायची, या वादाचे मूळ २०२२-२३ मधील निर्णयात आहे. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूचा संबंध भारतात तयार झालेल्या सिरपशी जोडला गेला. भारतीय नियंत्रकांनी कंपनीकडे राखून ठेवलेले नमुने तपासले आणि ते निर्दोष असल्याचे सांगितले. उझबेकिस्तानातूनही तशीच तक्रार आल्यावर १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या प्रत्येक कफ सिरपसाठी सरकारी किंवा मान्य प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपसाठी अशी सक्ती करण्यात आली नाही.

या फरकाच्या बाजूने तीन कारणे मांडली जात. देशांतर्गत उत्पादकावर औषध कायद्यान्वये कच्चा व तयार माल तपासण्याची जबाबदारी आधीपासूनच आहे, औषध निरीक्षक बाजारातून नमुने उचलतात, आणि सरकारी प्रयोगशाळांची क्षमता देशभरातील सर्व बॅचेस पेलण्याइतकी नाही. यातील तिसरे कारण खरे आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पहिली दोन मात्र तपासून पाहिल्यावर टिकत नाहीत. उत्पादकावरची जबाबदारी निर्यातीच्या बाबतीतही तेवढीच होती, तरी ती पुरेशी न वाटल्यामुळेच बाहेरची तपासणी आणावी लागली. बाजारातून उचललेल्या नमुन्याचा निकाल हाती येईपर्यंत ती बॅच घरोघरी पोहोचलेली असते. परदेशी खरेदीदाराला जी खातरी द्यावीशी वाटली, ती परासियातील आईबापांना देण्याची गरज कोणाला वाटली नाही, हे वाक्य कटू आहे, पण त्या आदेशाचा अर्थ याहून वेगळा लावता येत नाही.

तरीही बाटलीच्या तपासणीवर सारा भर देणे पुरेसे ठरले नसते, आणि या मुद्द्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. तयार सिरपमध्ये साखर, सॉर्बिटॉल, रंग आणि औषधी घटक मिसळलेले असल्याने त्यातील ग्लायकॉल मोजायला काळजीपूर्वक केलेली गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारी यंत्रचाचणी, लागते. ड्रममधील शुद्ध द्रावकाची चाचणी त्या मानाने सोपी आहे. अडचण नमुना घेण्याच्या पद्धतीत आहे. औषध उद्योगात बरेचदा ड्रमच्या संख्येच्या वर्गमुळात एक मिळवून तितकेच ड्रम उघडण्याचा संकेत पाळला जातो. २५ ड्रम आले तर सहा उघडायचे, म्हणजे उरलेल्या १९ ची खातरी केवळ लेबलवर. सगळा माल एकाच कारखान्यातून, सीलबंद, सरळ आला असेल तर हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण साधारण २१५ किलोचा मूळ ड्रम फोडून व्यापारी लहान कॅन भरतो, तेथून माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि विश्लेषण प्रमाणपत्राची केवळ झेरॉक्स सोबत प्रवास करते, तेव्हा प्रत्येक कॅन हा स्वतंत्र माल समजूनच तपासायला हवा. २००६ मध्ये पनामात हेच घडले होते: चीनहून स्पेनमार्गे गेलेल्या तथाकथित ग्लिसरीनचे (प्रत्यक्षात त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते) प्रमाणपत्र प्रत्येक टप्प्यावर नव्या नावाने उतरवले गेले आणि द्रव मात्र कोणी तपासला नाही. त्यानंतर अमेरिकी औषधसंहितेने, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष ठरवणाऱ्या ग्रंथाने, डायएथिलीन ग्लायकॉलची चाचणी ‘अशुद्धी’च्या यादीतून काढून थेट ‘ओळख’ या भागात घातली, म्हणजे ती टाळून माल स्वीकारणेच अशक्य झाले. या लेखकाच्या मते त्या इतिहासातील सर्वांत उपयोगी पाऊल हेच होते.

साठवणुकीबद्दल नागपुरापुरते एवढेच. प्रोपिलीन ग्लायकॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि उष्णतेत हवेच्या संपर्काने हळूहळू ऑक्सिडीकृत होते. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जाणाऱ्या शहरात पत्र्याच्या शेडखाली अर्धवट उघडलेला ड्रम ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे. बुच घट्ट लावणे, ड्रम सावलीत ठेवणे आणि औषधी व औद्योगिक दर्जाचा माल वेगळ्या खोलीत, वेगळ्या पंपाने हाताळणे ही शिस्त नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक वसाहतींतील कामगारालाही ठाऊक असते. एकच पंप दोन्हीकडे वापरला की कागदावरचा वेगळेपणा संपतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र चर्चा पुन्हा भलतीकडे वळली. सुरुवातीला काही नमुने निर्दोष असल्याचे जाहीर झाले, जरी ते दोषी बॅचबद्दल काहीच सांगू शकत नव्हते. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत अशी केंद्रीय सूचना निघाली. वैद्यकीयदृष्ट्या ही सूचना योग्यच आहे. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन या सर्दीवरील औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना न देण्याची ताकीद २०२३ पासून होती आणि या सिरपमध्ये नेमके तेच मिश्रण होते. पण ४८.६ टक्के विष सहा वर्षांच्या मुलालाही तितकेच घातक, हे त्या सूचनेच्या गदारोळात झाकले गेले. औषध लिहून देणाऱ्या स्थानिक डॉक्टरला अटक झाली तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. वयाबाबतची ताकीद न पाळणे हा गंभीर प्रश्न आहे, मात्र ड्रममधील विष ओळखण्याचे साधन बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरकडे नसते. उत्पादकाच्या तपासणीत शेकडो त्रुटी नोंदल्या गेल्या, त्यांत औषधी दर्जाचे नसलेले द्रावक वापरल्याचीही नोंद होती.

त्यानंतर भारतीय औषधसंहितेत तयार द्रवरूप औषधांसाठीही डायएथिलीन व एथिलीन ग्लायकॉलची चाचणी बंधनकारक करण्यात आली आणि धोकादायक द्रावकांच्या खरेदी-विक्रीवर ऑनलाइन लक्ष ठेवण्याचे निर्देश निघाले. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांत परवान्याविना खोकल्याची सिरपे विकण्याची जी जुनी सवलत होती, ती काढण्याचा प्रस्तावही पुढे आला. उत्पादनाच्या सुधारित निकषांसाठी लहान व मध्यम कारखान्यांना दिलेली वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. ड्रम फोडून कॅन भरणाऱ्या मधल्या व्यापाऱ्याने प्रत्येक कॅनसाठी स्वतःची चाचणी करून मगच नवे लेबल लावावे ही अट अशा ऑनलाइन देखरेखीला जोडली गेली, तरच तिचा उपयोग कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचेल. नुसत्या बिलांची नोंद ठेवून कॅनमध्ये काय आहे ते समजत नाही.