मतदान पद्धती : गुण आणि दोष

मतदारांच्या मतांवरून विजेता किंवा जागांची वाटणी ठरवण्याचा नियम म्हणजे मतदान पद्धती. मते तीच ठेवून नुसता नियम बदलला, तरी निकाल फिरू शकतो.

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाला मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर या तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी सहल न्यायची आहे, असे समजू. सभासद 100. त्यांपैकी 40 जणांचा पसंतीक्रम असा: मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. 35 जणांचा ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू. उरलेल्या 25 जणांचा महेश्वर, ओंकारेश्वर, मांडू. पहिल्या पसंतीची मते सर्वाधिक त्याची सरशी, असे धरले तर बस मांडूला निघते. 60 जणांनी मांडू शेवटी टाकले होते, हे कोणी विचारत नाही. तळाचा पर्याय बाद करून त्याची मते दुसऱ्या पसंतीला दिली, तर महेश्वर गळते आणि ओंकारेश्वर 60–40 ने जिंकते. दोन-दोन पर्यायांची थेट लढत लावली तर महेश्वर मांडूला 60–40 ने आणि ओंकारेश्वरला 65–35 ने हरवते.

यांतला पहिला नियम भारतात लोकसभा-विधानसभेला लागू आहे. तो कोणालाही समजतो, मोजणी लवकर उरकते आणि मतदारसंघाला हक्काचा एक प्रतिनिधी मिळतो. इंदूरने 1989 ते 2014 या काळात सुमित्रा महाजन यांना सलग आठ वेळा निवडून दिले. ‘ताईंकडे जाऊ’ हे वाक्य अशा पद्धतीतच शक्य होते. पण मते आणि जागा यांचा मेळ बसेलच असे नाही. मध्य प्रदेशात 2018 साली भाजपला सुमारे 41.0 टक्के मते व 109 जागा मिळाल्या, तर काँग्रेसला किंचित कमी, 40.9 टक्के मते असूनही 114. लोकसभेच्या 2014 च्या निवडणुकीत बसपाला चार टक्क्यांहून अधिक मते पडली, जागा एकही नाही. नापसंतीलाही येथे वजन नसते. इंदुरात 2024 मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर ‘नोटा’ला 2,18,674 मते पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तो पहिला आला असता तरी त्याच्याखालचा उमेदवारच खासदार झाला असता.

पसंतीक्रमाची पद्धत राष्ट्रपतिपदाला वापरतात. 1969 साली पहिल्या पसंतीत वराहगिरी व्यंकट गिरी यांना 4,01,515, नीलम संजीव रेड्डी यांना 3,13,548 आणि चिंतामणराव देशमुख यांना 1,12,769 एवढ्या मूल्याची मते होती. विजयासाठी 4,18,169 हवी होती. पुढच्या पसंतीची मते वाटल्यावर गिरी 4,20,077 वर पोचले. यात मत सहसा वाया जात नाही, पण मोजणी किचकट होते आणि महेश्वरसारखा सर्वांना चालणारा पर्याय आधीच गळू शकतो. फ्रान्समध्ये त्याऐवजी दुसरी फेरी घेतात; तिथेही पहिल्या फेरीत मते फार विखुरली, तर अनपेक्षित जोडी उरते.

क्रमानुसार गुण देण्याची फ्रेंच गणितज्ञ बोर्दाची रीत मधल्या पर्यायाला न्याय देते (वरच्या उदाहरणात पहिल्या पसंतीला 2, दुसऱ्या पसंतीला 1 आणि शेवटच्या पसंतीला 0 गुण दिले, तर महेश्वर 125 गुणांनी पहिले येते), मात्र तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी टाकण्याचा मोहही तीच निर्माण करते. थेट लढतींची रीत सर्वांत न्याय्य वाटते, पण फ्रेंच विचारवंत काँदोर्सेने 1785 मध्येच दाखवले की ‘अ’ ‘ब’ला, ‘ब’ ‘क’ला आणि ‘क’ पुन्हा ‘अ’ला हरवतो असे चक्र पडू शकते. तीन किंवा अधिक पर्याय असताना वाजवी वाटणाऱ्या सर्व अटी एकाच वेळी पाळणारी क्रमाधारित पद्धत नसते, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी 1951 मध्ये सिद्ध केले.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वात पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. नेदरलँड्स आणि इस्राएल ही त्याची उदाहरणे. छोट्या गटांचा आवाज सभागृहात पोचतो. मात्र सरकार आघाडीवर तोलून राहते आणि आपल्या भागाचा प्रतिनिधी कोण, हे सांगता येत नाही.

संस्थांच्या कार्यकारिणीसाठी पुष्कळ ठिकाणी जितक्या जागा तितकी मते देण्याची रीत असते. तिच्यात 55 टक्के सभासदांनी एकाच पॅनेलला मते दिली की उरलेल्या 45 टक्क्यांच्या वाट्याला एकही जागा येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीतील एकल संक्रमणीय मताने (पसंतीक्रमाने दिलेले एकच मत, जे गरज पडल्यास पुढच्या पसंतीच्या उमेदवाराला जाते) हा धोका टळतो, पण त्याची मोजणी करायला मंडळात कोणी बसेल का, हा प्रश्न उरतोच.