कर्ण मोजल्याशिवाय गुंठे काढू नका

निपाणी असो की खानापूर, शेताची वाटणी निघाली की हिशेब ठरलेला: समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्या गुणायच्या, 1089ने भागायचे, झाले गुंठे. चारही कोपरे काटकोनात असतील तर हे बरोबर. एरवी उत्तर जास्तच येते, कमी कधीच नाही.

समजा, बांध ओळीने 130, 140, 120 आणि 90 फूट. सरासऱ्या 125 आणि 115. गुणाकार 14,375 चौरस फूट, म्हणजे 13.2 गुंठे.

आता 130 आणि 90चे बांध भेटतात त्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप धरा. कर्ण भरला 150. एका बाजूला 130, 140, 150चा त्रिकोण. हेरॉनचे सूत्र लावू: परिमिती 420, निम्मी 210, तीतून एकेक बाजू वजा केली की 80, 70, 60. या चौघांचा गुणाकार 7,05,60,000, वर्गमूळ 8,400. पलीकडच्या त्रिकोणात 90 आणि 120च्या वर्गांची बेरीज 150चा वर्ग भरते, म्हणजे काटकोन, क्षेत्रफळ 5,400. एकूण 13,800. सुमारे साडेआठ आणे (गुंठ्याचे सोळा आणे) जमीन नुसती कागदावर!

चूक नेहमी जास्तीकडेच का? बाजू क, ख, ग, घ माना. दोन बाजूंचा गुणाकार, गुणिले मधल्या कोनाचे साइन, त्याचे निम्मे म्हणजे त्रिकोणाचे क्षेत्रफळ. शेत आधी एका कर्णाने कापा, मग दुसऱ्या. दोन्ही बेरजांची सरासरी घ्या. कख, खग, गघ, घक हे चार गुणाकार, प्रत्येकाला आपापल्या कोनाचे साइन, आणि बेरजेचा चौथा हिस्सा. बांधांच्या सरासरीतही हेच चार गुणाकार, हाच चौथा हिस्सा. साइन तेवढे गायब. आणि साइन 1च्या वर जात नाही. 1 होते ते 90 अंशांवरच.

बांध तेच ठेवून कर्ण 200 फूट झाला, तर क्षेत्र 12,223 चौरस फुटांवर येते, जेमतेम सव्वाअकरा गुंठे. म्हणूनच लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास ‘लीलावती’त चक्क पिशाच म्हटले. आपल्याकडे प्लॉट गोमुखी की व्याघ्रमुखी यावर तासभर वाद चालतो, पण कर्णाला टेप कोणी लावत नाही.

खानापूरकडच्या उताराच्या जमिनीत टेप आडवी, ताणून धरा. 100 फूट टेपेत 20 फूट चढ असेल, तर आडवे अंतर 98 फूटच. जमल्यास दुसरा कर्णही मोजून क्षेत्रफळ पुन्हा काढा. दोन उत्तरांत आण्या-दोन आण्यांहून जास्त फरक पडला, तर टेप कुठेतरी झोल खाते आहे.