ठोक्यांची गोळी चालू आहे आणि खोकला जात नाही? मग हे वाचा

हा कागद ज्यांच्या चिठ्ठीवर अमिओडॅरोन, म्हणजे हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारणारी गोळी, आहे त्यांनाच देतोय. काहींच्या पाकिटावर कॉर्डारोन छापलेलं असतं, गोळी तीच.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आपलं एक जुनं गिऱ्हाईक, सगळे नाना म्हणतात, दर आठ दिवसांनी खोकल्याची बाटली न्यायचे, विचारलं की म्हणायचे, काय बी नई भाऊ, कापूसनी धूय शे. आम्हीही तीन बाटल्या दिल्या, खोटं कशाला बोला. चौथ्यांदा आले तेव्हा दुकानाच्या दोनच पायऱ्या चढले आणि काउंटरला हात टेकून उभे, बोलता येईना, मग पिशवीतल्या स्ट्रिपा बघितल्या तर ही गोळी, अडीच वर्षांपासून रोज. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, सीटी स्कॅन झाला, गोळी बदलली, स्टिरॉइड दिलं. आता बरे आहेत, पण पूर्वीसारखं शेतात चालवत नाही.

ही गोळी कामाची आहे, दुसऱ्या औषधांना न जुमानणारे ठोकेसुद्धा ती ताळ्यावर आणते. फक्त ती अंगात साठते, चरबीत, लिव्हरमध्ये, फुफ्फुसात. बंद केली तरी अर्धं औषध बाहेर पडायला सरासरी दोन महिने लागतात, म्हणजे त्रास थांबायलाही वेळ लागतो. ती साठून काहींच्या फुफ्फुसाला आधी सूज येते, खोकला आणि दम त्याचाच, लक्ष दिलं नाही तर ते चट्टे पडून कडक होतं आणि ते मग सुटत नाही. बहुतेकांना हे होत नाही, पण वय साठच्या पुढे, आधीच फुफ्फुस कमजोर, रोज 400 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस दोन महिन्यांवर, किंवा 200 चा डोस दोन वर्षांवर, यांनी जपावं.

कोरडा खोकला, चालताना दम, बारीक ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर सिरप मागू नका, स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि गोळी मनाने बंद करू नका, ठोके पुन्हा बिघडले तर जिवावर बेततं.

गोळी सुरू करतानाचा छातीचा एक्स-रे जपून ठेवा, पुढे वर्षातून एकदा काढतात तेव्हा जुना शेजारी धरूनच फरक कळतो. थायरॉईड आणि लिव्हरची रक्ततपासणी सहा महिन्यांनी, कारण गोळी लिव्हरमध्ये साठते, आणि एका 200 च्या गोळीत जवळपास 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं, ते थायरॉईडला बाधतं. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर दोन्ही गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून रक्त जास्तच पातळ होतं. अमिओडॅरोनवर कातडीला ऊनही बाधतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो तेव्हा उपरणं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच निघा.

आता आम्ही या गोळीच्या पाकिटावर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहून देतो. तुमची कधी सुरू झाली ते आठवत नसेल तर जुन्या चिठ्ठ्या पिशवीत टाकून घेऊन या, काउंटरवर बसून शोधू.