पॅब-२४० आणि पॅब-१६२०: पी५३ची घडी ओळखणाऱ्या दोन अँटिबॉडी

पी५३ या कर्करोगाची गाठ रोखणाऱ्या प्रथिनावर काम करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला बहुधा एवढंच सांगितलं जातं: पॅब-१६२० ही अँटिबॉडी (ठराविक तुकड्याला चिकटणारं प्रथिन) ‘वाइल्ड-टाइप’, म्हणजे मूळचं निर्दोष पी५३ ओळखते, पॅब-२४० ‘म्युटंट’, म्हणजे जनुकातल्या बदलाने बिघडलेलं. १९९० साली डेव्हिड लेन यांच्या गटाने पॅब-२४०ची माहिती दिली, तेव्हा शोधनिबंधाच्या शीर्षकातच ती म्युटंट रूपासाठीची असल्याचं म्हटलं होतं. ते लेबल तिला कायमचं चिकटलं. पण त्यावर विसंबून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) वाचला, तर निष्कर्ष साफ चुकतो.

दोघींनाही जनुकातला बदल दिसत नाही. दिसते ती प्रथिनाची घडी. पी५३ ही ३९३ अमिनो आम्लांची साखळी. तिचा मधला, डीएनएला धरणारा भाग जस्ताच्या एका अणूच्या आधाराने दुमडलेला असतो. पॅब-२४० ज्या तुकड्याला चिकटते तो, म्हणजे २१३ ते २१७ या जागा, घडीच्या आत दडलेला असतो आणि घडी मोडली की उघडा पडतो. पॅब-१६२०ला मात्र शाबूत घडीच लागते, कारण १५६ आणि २०६ ते २१० या परिसरातली, साखळीत लांब असलेली अमिनो आम्लं घडीमुळेच शेजारी येतात.

आता वेस्टर्न ब्लॉट. एसडीएस हे प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट घालून सॅम्पल उकळलं की प्रत्येक पी५३ उलगडतं, निरोगी पेशीतलंसुद्धा. म्हणून पॅब-२४० सगळ्यांचाच बँड (ब्लॉटवरचा पट्टा) दाखवते आणि पॅब-१६२० कुणाचाच नाही. पहिलीचा बँड दिसला म्हणून म्युटेशन आहे असं लिहिणं ही गंभीर चूक आहे, आणि दुसरीचा बँड न दिसणं हा अँटिबॉडीचा दोष नाही.

या दोघींचं खरं काम इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे अँटिबॉडीने अर्कातून प्रथिन ओढून काढण्यात. पेशी थंडीत, सौम्य डिटर्जंटमध्ये फोडायच्या, एकाच अर्कातून दोघींनी वेगवेगळं पी५३ ओढायचं आणि मग ब्लॉट करायचा. इथे एक अडचण हमखास येते: दोन्ही अँटिबॉडी उंदराच्या आहेत. त्यांची जड साखळी, म्हणजे अँटिबॉडीचाच मोठा तुकडा, ब्लॉटवर ५० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास धावते, म्हणजे पी५३च्या अगदी जवळ. त्यामुळे ब्लॉटवर पी५३ शोधायला सशाची अँटिबॉडी घेणं बरं, म्हणजे उंदराची साखळी मध्ये येत नाही.

एवढं करूनही उत्तर सरळ मिळेलच असं नाही. कर्करोगात वारंवार आढळणाऱ्या दोन म्युटेशनचं उदाहरण घ्या. १७५व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं की घडीच मोडते. ते पी५३ पॅब-२४०ला सापडतं. हाच बदल २७३व्या जागी झाला तर घडी बरीचशी टिकते, फक्त डीएनएवरची पकड जाते. असं निकामी पी५३ पॅब-१६२०ला ‘वाइल्ड-टाइप’ वाटतं. उलट, जस्त काढून घेतलं तर मूळचं निर्दोष पी५३देखील पॅब-२४०कडे जातं. म्युटेशन आहे की नाही हे सिक्वेन्सिंगनेच, म्हणजे जनुकाचा क्रम वाचूनच ठरवावं.

फॉर्मलिनमधल्या ऊतींच्या कापांवरही हीच अडचण. तिथे प्रथिनाची मूळ घडी शाबूत राहील याचा भरवसा नसतो. म्हणून पॅथॉलॉजीत डीओ-७ ही पी५३ची वेगळी अँटिबॉडी वापरतात. ती साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला, २० ते २५ या जागांना चिकटते, घडी कशीही असो.

आणि पेशी मरते आहे का, हे यातली एकही अँटिबॉडी सांगत नाही. घडी शाबूत असलेलं पी५३ प्यूमा आणि बॅक्स ही पेशीमृत्यू घडवणारी जनुकं चालू करू शकतं, पण ती चालू झाली का आणि पुढे कॅस्पेज-३ हे पेशी मारणारं एन्झाइम तुटून सक्रिय झालं का, हे वेगळंच तपासावं लागतं. तिथे तुटलेल्या कॅस्पेज-३चीच अँटिबॉडी घ्यावी. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत मात्र तिचाही उपयोग नाही, कारण त्यांच्यात कॅस्पेज-३ तयारच होत नाही.