बगळ्याच्या पोटातला खजिना : तिलिस्म ही भानगड आली कुठून

१९९४ ला दूरदर्शनवर चंद्रकांता लागायची तेव्हा आमच्या आळीत निम्मी पोरं फक्त क्रूरसिंग या खलनायकाच्या 'यक्कू'साठी बसायची, मीपण त्यातलाच. मूळ कादंबरी बऱ्याच वर्षांनी हातात आली आणि मग कळलं की सिरियलवाल्यांनी वेगळाच संसार थाटला होता. कादंबरीत खरी मजा त्या पडक्या वास्तूतल्या दगडी बगळ्याची आहे. चबुतऱ्यावर नुसता उभा, जवळ गेलं की चोच उघडतो आणि माणूस गिळून परत गप्प. हा बगळा म्हणजे तिलिस्मातला राखणदार, आणि तिलिस्म म्हणजे मंत्र-यंत्राने बंद करून ठेवलेली खजिन्याची जागा.

देवकीनंदन खत्रींनी हे १८८८ मध्ये लिहिलं. त्याआधी ते बनारसकडच्या चकिया, नौगढच्या जंगलांचे ठेके घ्यायचे, तिथले पडके किल्ले, गुहा, भुयारं बघत हिंडलेला माणूस, त्यामुळे कादंबरीतली चुनार, विजयगढ ही नावं कल्पनेतली नाहीत, नकाशावर आहेत. आणि खत्रींचं एक वेगळेपण म्हणजे जादूटोण्याला ते फारसे शरण जात नाहीत, चमत्कार दाखवतात आणि मग आत कळ कशी होती, खटका कुठे होता ते सांगून मोकळे होतात.

पण मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते कादंबरीतल्या जीतसिंग या दिवाणाचं स्पष्टीकरण. राजा विचारतो की हे तिलिस्म बांधतं कोण आणि कशाला, तर तो सांगतो, ज्याच्याकडे अफाट पैसा आहे पण वारस नाही असा माणूस. तो ज्योतिषी बसवतो, आपल्या घराण्यात पुढे कोणी कर्तबगार निपजेल का ते काढायला लावतो, आणि मग त्या न जन्मलेल्या पोराच्या नावाने कारागीर, वैद्य, तांत्रिक गोळा करून सगळं बांधून ठेवतो. म्हणजे राखणदार चोरासाठी आहेच, पण त्याहून जास्त तो वारसाची वाट बघत बसलाय. हे एकदा डोक्यात बसलं की जुन्या गोष्टी वेगळ्याच दिसायला लागतात.

शब्द ग्रीक 'तेलेस्मा'वरून अरबीत गेला, तिथून फारसी, उर्दू करत आपल्याकडे. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने १३७७ च्या सुमारास 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहिला त्यात गुप्तधन शोधणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतलीय. लोक समजतात की जुन्या राजांचा पैसा जमिनीखाली तिलिस्माने बंद आहे आणि धूप, मंत्र, बळी दिला की तो उघडतो, कष्ट करायला नको म्हणून हा धंदा, असं त्याचं म्हणणं. आणि मग तो एक साधा सवाल टाकतो : ज्याने एवढा खटाटोप करून पैसा लपवला तो ते उघडायची रीत कागदावर कशाला लिहून ठेवेल? व्यवहारात याला उत्तर नाही. गोष्टीत मात्र आहे, वारसासाठी!

अरबी सुरस गोष्टींतलं पितळी शहर बघा. सगळं शहर मेलेलं, आत मंचावर राणीचा देह दागिन्यांनी मढवलेला, दोन बाजूला दोन पुतळे, एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याकडे गदा. पुढ्यात पाटी, की बाबांनो इथला पैसा हवा तेवढा न्या पण माझ्या अंगावरच्याला हात लावू नका. तिथे पोचलेल्या मोहिमेचा म्होरक्या अमीर मूसा वाचून रडतो, आणि तालिब नावाचा साथीदार म्हणतो मेलेल्या बाईला दागिने कशाला, पायरी चढून हात घालतो, एका पुतळ्याचा घाव पाठीत आणि दुसऱ्याच्या तलवारीने मुंडकं खाली. बाकीचे बाकीचा माल उंटांवर लादून सुखरूप परत, त्यांना कोणी काही करत नाही.

आपल्याकडची गोष्ट तर त्याहून जुनी. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध भिक्षूने लिहिलेल्या पाली भाष्यात येतं की मगधाचा राजा अजातशत्रूने राजगृहाजवळ बुद्धाच्या अस्थी जमिनीखाली पुरून ठेवल्या, आणि विश्वकर्म्याने तिथे लाकडी पुतळ्यांचं यंत्र बसवलं, हातात तलवारी, वाऱ्याच्या वेगाने गरगर फिरणारे. आत सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं की पुढे अशोक नावाचा राजा होईल तो या अस्थी सगळीकडे पोचवेल. अशोक येतो तेव्हा तोच विश्वकर्मा खेड्यातल्या पोराच्या रूपात येऊन नेमक्या सांध्यावर बाण मारतो, यंत्र खळ्ळकन सुटं. दारापाशी एक रत्न आणि मजकूर : भविष्यातल्या गरीब राजाने हे घेऊन पूजेला वापरावं. अशोक भडकतो, मला गरीब म्हणता! (एवढ्या पवित्र प्रसंगात हा फणकारा ज्याने घातला त्याला दंडवत.) नंतर ब्रह्मदेशातल्या एका पाली ग्रंथात हीच यंत्रं रोमच्या कारागिरांची झाली.

मधला टप्पा दास्तानगोईचा, म्हणजे लांबलचक उर्दू-फारसी वीरकथा रंगवून सांगण्याचा. अकबराने हमजा या वीराच्या दास्तानीची सुमारे १४०० चित्रं काढून घेतली, आणि लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून त्याच हमजाच्या कथांतलं 'तिलिस्मे होशरुबा' छापायला घेतलं, खत्रींच्या जेमतेम पाच वर्षं आधी. तिथे तिलिस्म फोडायला 'लौह' लागते, म्हणजे पाटी, आणि ती ज्याच्या नशिबात त्यालाच वाचता येते.

आमच्या आजीचं यापेक्षा सोपं होतं. धनाचा हंडा जमिनीखाली सरकतो, रात्री खळखळतो आणि विचारतो, येऊ का? ज्याच्या नावाचा त्याने हो म्हणायचं, दुसऱ्याने उकरला तर कोळसे नाहीतर विंचू निघतात, आणि नाग बसलेला असतोच. मी विचारलं आपल्या नावाचा आहे का, तर म्हणाली, झोप मुकाट्याने.

यात गंमत तोवरच, जोवर ती गोष्ट आहे. १९७० च्या दशकातलं मानवत हत्याकांड गुप्तधनाच्या नादानेच झालं, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार स्पष्टपणे गुन्हा म्हणून लिहावे लागले.

बाकी खरोखरचा हंडा लागलाच तर त्याला १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं, आणि कलेक्टर पहिलं काम काय करतो, तर नोटीस काढतो की हे कोणाचं आहे त्याने अमुक तारखेला हजर व्हावं. कोणीच आलं नाही तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक जागामालकाला, अर्थात सरकारने स्वतःच घ्यायचं ठरवलं नाही तर.