पेशीमृत्यू-जनुकांतील अधिजनुकीय बदल आणि मुखकर्करोग

नियोजित पेशीमृत्यू घडवून आणणाऱ्या जनुकांचा डीएनए-क्रम शाबूत असूनही ती जनुके मूक होणे, म्हणजे त्यांचे काम बंद पडणे, आणि त्यामुळे तोंडाच्या अस्तरातील बिघडलेल्या पेशी जिवंत राहून वाढत जाणे, अशी ही अधिजनुकीय प्रक्रिया आहे. पेशीने स्वतःला शिस्तीने संपवण्याच्या क्रियेला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव कर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये दिले. कर्करोगात डीएनएवरील मिथिल गटांची, म्हणजे त्याला जोडल्या जाणाऱ्या छोट्या रासायनिक गटांची, मांडणी बदलते हे १९८३ पासून नोंदले गेले आहे. मात्र विशिष्ट जनुकांच्या मूक होण्याचा पद्धतशीर अभ्यास १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाला, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

अनेक जनुकांच्या आरंभीच्या प्रवर्तक भागात, म्हणजे जनुकाचे वाचन सुरू करणाऱ्या भागात, सायटोसीन व ग्वानीन या डीएनए-घटकांच्या जोड्यांची दाटी असते. तेथील सायटोसीनवर मिथिल गट बसले की हिस्टोन प्रथिनांभोवतीची डीएनएची गुंडाळी घट्ट होते आणि जनुकाचे वाचन थांबते. मुखकर्करोगात या दृष्टीने सर्वाधिक अभ्यासले गेलेले पेशीमृत्यू-जनुक म्हणजे डीएपीके. त्याच्यासोबत पी१६ आणि एमजीएमटी यांची नावे नेहमी येतात. परंतु पी१६ पेशीविभाजनाला आवर घालते व एमजीएमटी डीएनएची दुरुस्ती करते. तिघांना सरसकट ‘मृत्यू-जनुके’ म्हणण्याची काही लेखनांतील पद्धत टाळावी.

डीएपीकेच्या मिथिलीकरणाचे (मिथिल गट बसण्याचे) प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत फार वेगवेगळे आढळते. याचे बरेचसे कारण पद्धतीत आहे. बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया केली की मिथिलरहित सायटोसीनचे युरॅसिल या वेगळ्या घटकात रूपांतर होते, मिथिलयुक्त तसेच राहते. हा फरक पकडणारी मिथिल-विशिष्ट पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखणारी चाचणी) १९९६ मध्ये पुढे आली. ती अतिशय संवेदनशील आहे, पण तिच्या मूळ रूपात उत्तर केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे मिळते. नमुन्यातील थोड्याच पेशींत मिथिलीकरण असले तरी गाठ ‘होकारार्थी’ ठरू शकते. त्यात तंबाखूच्या सवयीच्या रुग्णाचा नमुना बहुधा दाहग्रस्त असतो. गाठीत लसिकापेशी व संयोजी ऊतीही मिसळलेल्या असतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या जुन्या ठोकळ्यांतील डीएनए तुटलेला असतो, बायसल्फाइटने तो आणखी तुटतो. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

मुंबईत या विषयाला जुनी पार्श्वभूमी आहे. परळच्या गिरणगावात १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील लागोपाठच्या १,००० मुखकर्करोग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मिथिलीकरणाचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. तरी रोग तोंडात कोठे होतो आणि रुग्णाची सवय कोणती, हे एकत्र पाहण्याची दृष्टी येथे लवकर रुजली. चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी, पान-सुपारी, मावा आणि नंतर गुटखा यांचा संपर्क मुख्यतः गाल व हिरडीच्या खोबणीशी येतो. भारतातील गाठी तेथे अधिक आढळतात, तर पाश्चात्त्य देशांत जिभेचे व तोंडाच्या तळाचे प्रमाण जास्त. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. ती कितपत पाळली जाते हे टपऱ्यांवरून दिसतेच.

मिथिलीकरण कारण की परिणाम, याबाबत मतभेद आहेत. एका मतानुसार तंबाखू व सुपारीमुळे ते आधी घडते, पेशीमृत्यू टळतो आणि उत्परिवर्तने (डीएनए-क्रमातील बदल) साचतात. दुसऱ्या मतानुसार वय व दीर्घ दाह यांचा तो सोबती आहे. कर्करोगापूर्वी दिसू शकणारा पांढरा चट्टा असलेल्या ऊतीत, आणि काही वेळा गाठीशेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही ते सापडते. त्यामुळे ते लवकर घडत असावे, असे मानण्यास आधार आहे. पण एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील जनुकसंच-संशोधन संस्था यांच्या सहभागाने झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंच-अभ्यासात गाल-हिरडीच्या कर्करोगात कॅस्पेज-८ या मृत्यू-जनुकात वारंवार उत्परिवर्तने आढळली. त्याच अभ्यासात डीएनएच्या गुंडाळीचे नियमन करणारी एमएलएल४ व एआरआयडी२ ही जनुकेही बिघडलेली दिसली. म्हणजे पेशीमृत्यूचा मार्ग डीएनए-क्रम बदलूनही अडतो आणि क्रम न बदलताही. केवळ मिथिलीकरणावर भर देणारे विवेचन येथे अपुरे वाटते.

लाळेतील पेशींत पी१६, एमजीएमटी व डीएपीके यांचे मिथिलीकरण ओळखता येते, हे डोके-मान कर्करोगाच्या रुग्णांत २००१ मध्ये दाखवले गेले. नित्य निदानात ही चाचणी आलेली नाही. मिथिल गट उतरवणारी अ‍ॅझासायटिडीन व डेसिटाबिन ही औषधे रक्ताच्या काही विकारांत दिली जातात. मुखकर्करोगात मात्र बायोप्सीने निदान आणि त्यानंतर शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार हाच प्रचलित क्रम आहे.