पार्श्वभूमी: वर्षभराची फेरी मारणारे ग्रह आणि केपलरचे खोटे संकेत

१९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती सापडलेला ग्रह गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा होता आणि ४.२ दिवसांत फेरी पूर्ण करत होता. पृथ्वीएवढ्या ग्रहांची खरी मोजदाद २००९ मध्ये केपलर या अवकाश दुर्बिणीने सुरू केली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडे रोखून सुमारे दीड लाख ताऱ्यांचे तेज दर अर्ध्या तासाने नोंदले जाई. पृथ्वीसारख्या ग्रहाच्या अधिक्रमणात, म्हणजे तो ताऱ्यासमोरून जाताना, सूर्यासारख्या ताऱ्याचे तेज ०.००८४ टक्के घटते, तेही वर्षातून एकदा, फार तर तेरा तास.

ग्रह मानण्यासाठी किमान तीन अधिक्रमणे हवीत आणि संकेत गोंगाटाच्या (मोजणीतल्या आपसूक चढउतारांच्या) ७.१ पट हवा, अशी अट होती. गोंगाट निव्वळ यादृच्छिक असता, तर अख्ख्या मोहिमेत एखादाच खोटा संकेत निघाला असता. प्रत्यक्षात, सौरपट्ट्या सूर्याकडे राहाव्यात म्हणून दुर्बीण दर तीन महिन्यांनी ९० अंश वळवावी लागे. त्यामुळे प्रत्येक तारा चार वेगवेगळ्या सीसीडींवरून (प्रकाश टिपणाऱ्या चिपांवरून) फिरून सुमारे ३७२ दिवसांनी पहिल्या सीसीडीवर परते. काही सीसीडींच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे प्रतिमेत सरकते पट्टे उमटत. तारा अशा सीसीडीवर आला की आलेखात खोटा खळगा पडे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसाच. ज्या कालावधीत दुसरी पृथ्वी शोधायची, नेमकी तिथेच खोट्या उमेदवारांची रास साचली.

केपलर-४५२बी याच टापूतला. २०१५ मध्ये जाहीर झालेला हा ग्रह ३८५ दिवसांचा, पृथ्वीच्या १.६ पट त्रिज्येचा, आणि पुरावा चार अधिक्रमणांचा. पाठीमागचे, एकमेकांना झाकणारे जोडतारे असाच खळगा पाडत असतील ही शक्यता निकालात काढून त्याला ९९ टक्के खात्रीने 'पुष्ट' ठरवले गेले. उपकरणाच्याच खोट्या संकेतांचा हिशेब मात्र त्यात नव्हता. पुढे प्रकाश-आलेख उलटे करून तपासले गेले. खळग्यांचे उंचवटे झाल्यावर संगणकाला जे 'ग्रह' सापडतील ते सगळे खोटेच. या कसोटीनंतर ९९ टक्क्यांचा दावा टिकत नाही, असे २०१८ मध्ये दाखवले गेले. तरी ग्रह यादीतून निघाला नाही. 'उमेदवार' हा शिक्का पुरेसा होता, घाई झालीच.

पाचव्या अधिक्रमणाची वाटच बंद झाली होती, कारण दुर्बिणीची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी आणखी एक, म्हणजे एकूण दुसरे, मे २०१३ मध्ये निकामी झाले. त्यानंतर शोध लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड ताऱ्यांकडे वळला. अशाच ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांचे खळगे टक्क्याच्या साधारण एकतृतीयांश ते तीनचतुर्थांश इतके खोल असतात आणि फेऱ्याही काही दिवसांच्याच असतात. पण अशा ताऱ्यांच्या ज्वाळांपुढे वातावरण टिकते का, हाच प्रश्न आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरणाचा मागमूस नसल्याचे दाखवले.

युरोपीय प्लेटो दुर्बीणही दर तीन महिन्यांनी वळणार आहे. मात्र तिच्या क्षेत्राच्या मध्यभागातला तारा एकाच वेळी २४ कॅमेऱ्यांत दिसेल, त्यामुळे एका सीसीडीचा दोष बाकीच्यांशी ताडून पकडता येईल.